वीस जागा, एक सर्व्हर

सकाळी 6:30

वणीहून राजूरला जायचं तर ऊन तापायच्या आत निघावं. जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नाही, आणि दिवस वर आला की रस्ता कोळशाच्या ट्रकांचा होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. शाळेची संगणक लॅब लावून द्यायला हेच मधले दिवस मिळतात.

पिशवीत आजचं सामान आहे: क्रिम्पिंगची पक्कड, आरजे45 कनेक्टरची डबी, केबल टेस्टर, मल्टिमीटर, सीआर2032 चे सेल, पेन ड्राइव्ह आणि लॅबची वही.

राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. आसपासची माणसं गावाला आजही ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. खाणीच्या आणि चुनाभट्ट्यांच्या कामावर दूरदूरची कुटुंबं इथे आली, त्यामुळे शाळेच्या एकाच बाकावर घरी मराठी, हिंदी आणि तेलुगू बोलणारी मुलं बसतात. आणि हवेत दोन्ही धुळी असतात, काळी आणि पांढरी. कळीचा चुना हवेतला ओलावा ओढून घेतो. त्याची भुकटी पंख्याच्या पात्यांवर बसली की पावसाळ्यात तिचा थर घट्ट होतो. पंखा अडखळला की प्रोसेसर तापतो, आणि तापलेल्या डब्यात हार्ड डिस्क फार दिवस काढत नाही.

म्हणून या लॅबमध्ये विद्यार्थ्यांच्या यंत्रांत हार्ड डिस्कच ठेवलेली नाही. कुठल्याशा कार्यालयाने बदलून टाकलेले वीस जुने संगणक नेटवर्कवरून चालू होतात. डिस्क फक्त सर्व्हरमध्ये, आणि सर्व्हर बंद खोलीत. जपायचं ते एका जागी आणलं की जपता येतं. मात्र यंत्र एका जागी आणलं म्हणून त्याची माहितीही एकाच माणसाच्या डोक्यात राहिली, तर तो माणूस आजारी पडला त्या दिवशी वीसच्या वीस जागा बंद. त्यामुळे आजचं काम दुहेरी आहे. सर्व्हर लावायचा, आणि तो कसा लावला हे शाळेच्या हातात द्यायचं.

सकाळी 7:15

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची नकाशे आणि खडू ठेवायची कोठी. उत्तरेकडे तोंड, रस्त्याकडे खिडकी नाही. शिपाईकाकांनी दार उघडून ठेवलंय. आधी ब्लोअर, मग बाकी सगळं.

मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर पुढच्या कामाला हातच लावायचा नाही. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंग कच्चं पडतं. काकांना सांगून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून घेतो आणि पुन्हा मोजतो. ठीक आहे.

सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. साधा टॉवर, 16 जीबी रॅम, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन एसएसडी आणि दोन नेटवर्क कार्डं. एक कार्ड इंटरनेटच्या राउटरकडे जातं, दुसरं लॅबच्या स्विचकडे. या दुसऱ्या कार्डाचा पत्ता कायमचा ठरलेला: 192.168.67.1. लॅबमधल्या बाकी कुणाचाही पत्ता बदलला तरी चालेल. हा बदलला तर कुणालाच सर्व्हर सापडणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर हाच आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे.

सकाळी 8:00

आता सेवा. त्या कोणत्या क्रमाने लावायच्या हे पाठ करावं लागत नाही. डिस्क नसलेलं यंत्र चालू होताना ज्या क्रमाने विचारत जातं, तोच क्रम.

त्याचा पहिला प्रश्न: माझा पत्ता काय? यंत्राला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो आणि सर्व्हरचाही नसतो, म्हणून ते साऱ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतं. तिला डिस्कव्हर म्हणतात. सर्व्हर ऑफर देतो, यंत्र रिक्वेस्ट करतं, सर्व्हर अॅकने शिक्कामोर्तब करतो. हे डीएचसीपी. सर्व्हर 67 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, यंत्र 68 वर. पत्त्यासोबत सर्व्हर आणखी दोन गोष्टी कळवतो: चालू होण्यासाठीची फाइल कुणाकडून घ्यायची आणि तिचं नाव काय.

दुसरा प्रश्न: ती फाइल? ती 69 व्या पोर्टवर मागितली की टीएफटीपीने उतरते. टीएफटीपी फार साधा आहे आणि त्याच्या साधेपणाला कारण आहे. नेटवर्क कार्डावरच्या इवल्याशा चिपमध्ये मावेल एवढाच तो असायला हवा होता. तो 512 बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा. तुकड्यांना 16 बिटांचे क्रमांक, म्हणजे 65,535 तुकडे झाले की आकडे संपले. गुणाकार केला तर 32 एमबी. आजच्या लिनक्सची सुरुवातीची फाइल त्याहून सहज मोठी असते. म्हणून तुकड्याचा आकार वाढवून मागण्याची सोय 1998 साली प्रमाणित झाली. सर्व्हरवर ही सोय कुणी बंद केली असेल, तर मोठी फाइल मध्येच तुटते आणि माणूस केबलला दोष देत बसतो. मी ती चालू आहे ना, हे तपासून घेतो.

हे सगळं आजकालचं नाही. डिस्क नसलेल्या यंत्राला नेटवर्कवर पत्ता देणारा बूटपी हा प्रोटोकॉल 1985 चा. त्यातूनच पुढे डीएचसीपी आला आणि 1997 मध्ये आजच्या रूपात स्थिरावला. कार्डावरच्या चिपमधून संगणक चालू करण्याची पीएक्सई पद्धत इंटेलने पक्की केली, तिची 2.1 ही आवृत्ती 1999 ची. त्याच सुमारास जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी सुरू केला. राजूरची लॅब त्यावरच उभी आहे. सगळं मुक्त सॉफ्टवेअर. परवान्याचा एक रुपया लागलेला नाही.

डीएचसीपी आणि टीएफटीपी ही दोन्ही कामं सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा एकच छोटा प्रोग्रॅम करतो. त्याला सांगितलंय की 192.168.67.20 पासून 250 पर्यंतचे पत्ते वाटायचे, आणि तेही फक्त लॅबच्या कार्डावर. हे ‘फक्त’ फार महत्त्वाचं. इंटरनेटच्या कार्डावरूनही पत्ते वाटले गेले तर कार्यालयातले संगणक भलतीकडे जातील.

तिसरा प्रश्न: माझी ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे? सर्व्हरवर जे बसवलंय त्याचीच दाबून बारीक केलेली एक प्रतिमा तयार होते. ती एनएफएसने, 2049 व्या पोर्टवरून, सगळ्या यंत्रांना दिसते. पण फक्त वाचण्यापुरती. मुलाने प्रणालीत काहीही बदललं तरी तो बदल त्या यंत्राच्या रॅममध्ये राहतो आणि यंत्र बंद केलं की पुसला जातो. वीस यंत्रांत वीस वेगवेगळे बिघाड निपजण्याची जागाच उरत नाही.

चौथा प्रश्न मुलाचा: माझी फाइल? प्रत्येकाचं खातं आणि फोल्डर सर्व्हरवर, एसएसएचच्या वाटेने पोहोचणारं. आज तीन नंबरवर बसलेली मुलगी उद्या अकरा नंबरवर बसली तरी तिची फाइल तिच्यासमोर येते.

सकाळी 9:30

एकेक यंत्र चालू करतो. सगळी एकदम नाही. कुठे अडलं ते कळायला हवं.

पहिल्या रांगेतली चढली. सात नंबर मात्र काळ्या पडद्यावर थबकलं आहे. चालू होण्यासारखी डिस्क नाही, एवढंच सांगतंय. नेटवर्ककडे वळलंच नाही. बायॉसमध्ये जाऊन पाहतो तर तारीख 2002 ची. म्हणजे मदरबोर्डवरचा सेल गेला. सेल गेला की यंत्र आपली सगळी सेटिंग विसरतं: नेटवर्कवरून चालू व्हायचं हेही आणि आजची तारीखही. झाकण काढतो. नखाने क्लिप मागे सारली की नाण्याएवढा सेल आपोआप वर उचलला जातो. त्याच्या कडेला पांढरट चुन्याची रेघ बसलेली. खाच ब्रशने स्वच्छ करून नवा सेल बसवतो, लिहिलेली बाजू वर. नेटवर्क बूट चालू करतो, बूटच्या क्रमात पहिलं ठेवतो.

तारखेचं दुखणं दिसतं तेवढं किरकोळ नाही. यंत्र 2002 मध्ये असलं तर आजच्या कुठल्याही सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेलं वाटतं आणि ब्राउझर पान उघडायला नकार देतो. म्हणून सर्व्हरवर वेळेचीही सेवा लावली आहे. इंटरनेट असो वा नसो, लॅबमधली घड्याळं सर्व्हरच्या घड्याळाला जुळतात.

सकाळी 11:00

मागच्या रांगेत वेगळाच घोळ आहे. एक यंत्र चालू होतं, शेजारचं नाही. तेच बंद करून पुन्हा चालू केलं तर चढतं, आणि मघाशी चढलेलं अडकतं. पडद्यावर ओळ आली आहे: पीएक्सई-ई53, बूट फाइलचं नाव मिळालं नाही.

हे संकेत ज्याला वाचता आले त्याचा अर्धा दिवस वाचतो. ई61 म्हणजे केबल किंवा पोर्ट मेलेला, टेस्टर घ्या. ई51 म्हणजे हाकेला कुणी ओ दिली नाही. डीएचसीपी बंद आहे किंवा स्विच वाटेत अडवतोय. ई32 म्हणजे पत्ता मिळाला, पण टीएफटीपीकडून फाइल येईना, फायरवॉल पाहा. आणि ई53 म्हणजे कुणीतरी पत्ता दिला, पण फाइलचं नाव दिलं नाही. आपला सर्व्हर तर नाव देतोच. मग पत्ता देणारा दुसराच कुणीतरी आहे.

सर्व्हरवर टीसीपीडंप लावून 67 आणि 68 या पोर्टांवरची ये-जा पाहतो. एक यंत्र पुन्हा चालू करायला लावतो. एका हाकेला दोन ऑफर येतात: एक 192.168.67.1 कडून, दुसरी 192.168.0.1 कडून. जी आधी पोहोचेल ती यंत्र घेतं, म्हणून कधी चालतं, कधी नाही. ज्यांना योग्य पत्ता मिळाला तीही पुढच्या पायरीला पुन्हा पत्ता विचारतात आणि तिथे फसतात.

दुसऱ्या ऑफरसोबत पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता दिसतो, सहा जोड्यांचा. तो कागदावर उतरवून केबलचा माग काढत निघतो. लॅबच्या स्विचमधून एक निळी केबल भिंतीतून पलीकडे गेली आहे. तिच्या टोकाला कपाटावर एक वाय-फाय राउटर. पाठीवरच्या लेबलवर त्याच सहा जोड्या.

“काय झालं जी, चालू नाही होऊन राहिलं का?” काका विचारतात.

राउटर दाखवतो.

“तो डबा तर मीच लावला. हापिसात नेट पकडून नव्हतं राहिलं.”

त्यांची गरज खरी होती. कार्यालयात वाय-फाय हवंच. राउटर लॅबच्या स्विचमधून काढून इंटरनेटच्या बाजूला जोडतो, त्याचं पत्तेवाटप बंद करतो, आणि लॅबच्या स्विचचे रिकामे पोर्ट टेप लावून झाकतो. काकांना एकच गोष्ट सांगतो: या पेटीत नवीन तार लावायची तर आधी लॅबच्या मॅडमना विचारायचं. मागची रांग आता एका दमात चढते.

दुपारी 1:00

डबा उघडतो न उघडतो तोच लाइन जाते. बाहेर धुळीची वावटळ उठली आहे.

जेवता जेवता पाहत बसतो. ही परीक्षा आज व्हायचीच होती. लॅबमधली वीसही यंत्रं क्षणात बंद. त्यांच्यात खराब होण्यासारखं काही नाही. सर्व्हर यूपीएसवर आहे. बॅटरी ठरलेल्या पातळीखाली उतरली की यूपीएस सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर फाइली मिटून शिस्तीत बंद होतो. आज तशी वेळ येत नाही.

लाइन परत येताना खरी अडचण असते. वीस यंत्रं सर्व्हरच्या आधी उठली तर हाक मारून थकतात आणि ई51 दाखवून थांबतात. म्हणून बायॉसमध्ये ठरवून दिलंय: वीज आली की सर्व्हरने आपोआप चालू व्हायचं, विद्यार्थ्यांच्या यंत्रांनी बंदच राहायचं. आधी सर्व्हर, मग स्विच, मग माणसाने बटण दाबून एकेक रांग.

दुपारी 2:30

दहावीला जाणारी काही मुलं चाचणीला आली आहेत. लॅबची परीक्षा माझ्यापेक्षा तीच नीट घेतात.

“सर, व्हिडिओ चालते का?” पहिला प्रश्न हाच.

चालतो, आणि तो चालावा म्हणूनच लॅबची रचना ठरली. संपूर्ण थिन क्लायंटमध्ये सगळं काम सर्व्हर करतो आणि क्लायंटला नुसतं चित्र पाठवतो. 1024 बाय 768 च्या पडद्यावर 7,86,432 ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट, सेकंदाला 25 चित्रं. न दाबता पाठवलं तर एका मुलाच्या व्हिडिओला सेकंदाला 47 कोटी बिट लागतात, आणि जुन्या कार्डाची वाट दहा कोटींची. मजकूर लिहायला, हिशेबाच्या तक्त्याला ती भरपूर पुरते. हलत्या चित्राला दाबून पाठवावं लागतं, आणि दाबायचं ओझं पुन्हा सर्व्हरवरच. म्हणून इथे ज्या यंत्रांत 2 जीबी रॅम आहे ती प्रणाली सर्व्हरकडून घेतात, पण काम स्वतःच्या प्रोसेसरवर करतात. एकाच विहिरीचं पाणी, पण प्रत्येकाचा स्वयंपाक आपापल्या चुलीवर. त्याहून अशक्त यंत्रं तेवढी निव्वळ थिन क्लायंट ठेवली आहेत, लिहिण्या-वाचण्यासाठी.

इंटरनेट गेलं तरी तास बुडू नये, म्हणून सर्व्हरवर मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत किविक्समधून दिली आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफही. या दोन गोष्टींना बाहेरची तार लागत नाही.

एक मुलगी कळफलकावर अडखळते आहे. तिच्या घरी तेलुगू बोलतात. इनस्क्रिप्टची मांडणी सर्व्हरवर एकदाच बसवली, आता वीसही यंत्रांवर आहे. तिला दाखवतो: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के या कळेवर क, शिफ्ट धरली की ख. हीच कळ मराठीत क, हिंदीत क, आणि तेलुगू निवडली तर तेलुगू लिपीतलाही क. ती स्वतःचं नाव आधी मराठीत लिहिते, मग भाषा बदलून तीच बोटं त्याच कळांवर चालवते आणि पडद्यावर आईच्या भाषेतलं नाव उमटतं. शेजारच्या दोघीही खुर्च्या ओढून तिच्याकडे सरकतात. थिन क्लायंटच्या साऱ्या खटाटोपाचं मोल मला अशा वेळी कळतं. भाषेची ही सोय एका जागी नीट बसवली, आणि कुठल्याही खुर्चीवर बसलेल्या मुलाला ती मिळाली.

दुपारी 4:00

आता मॅडमची पाळी. लॅब त्यांची आहे. मी बाजूच्या खुर्चीवर, कळफलक त्यांच्याकडे.

“भाऊ, वर्गात नवीन मुलगा आला तर त्याचं नाव मला टाकता येईल का? की दरवेळी तुम्हाला बोलवायचं?”

“तुम्हीच टाका. आत्ता.”

त्या खातं उघडतात, पासवर्ड देतात. मग त्यात एक पायरी आहे जी हमखास सुटते: खात्यांची यादी यंत्रांना चालू होतानाच दिली जाते, म्हणून नवं खातं उघडलं की एलटीएसपीची इनिटआरडी, म्हणजे ती सुरुवातीची फाइल, पुन्हा तयार करावी लागते, आणि यंत्र पुन्हा चालू करावं लागतं. ती आज्ञा त्या स्वतः टाइप करतात. चौदा नंबर पुन्हा चालू होतं, नवं नाव आत जातं.

मग नवा प्रोग्रॅम बसवणं: सर्व्हरवर एकदा बसवायचा, प्रतिमा नव्याने बनवायची. जुनी प्रतिमा लगेच पुसायची नाही. नवी बिघडली तर जुनीवर परतता आलं पाहिजे. मग एपॉप्टीस. त्यात वीसही पडदे मॅडमच्या पडद्यावर छोट्या चौकटींत दिसतात. कोण अडलंय ते जागेवरून कळतं, आणि स्वतःचा पडदा सगळ्यांना दाखवताही येतो. इथे थोडं थांबून एक बोलतो: मुलांना आधी सांगायचं की पडदे दिसतात. न सांगता पाहणं वर्गात बरं नाही. मॅडम मान डोलावतात आणि वहीत तसं लिहून घेतात.

सायंकाळी 5:15

शेवटचं काम कागदाचं. सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावतो, मराठीत, ठळक अक्षरात. वर चालू करण्याचा क्रम. खाली चार संकेत, ई51, ई53, ई32, ई61, आणि प्रत्येकापुढे आधी काय तपासायचं ते. त्याखाली लॅबचा नकाशा: कोणतं यंत्र, कोणता पोर्ट, कोणता मॅक पत्ता. पासवर्ड भिंतीवर नाही. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात. सेटिंगच्या सगळ्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर, तीही त्याच पाकिटात. सर्व्हर उद्या जळाला तरी या पाकिटावरून दुसरा उभा राहिला पाहिजे, आणि तो उभा करणारा माणूस मीच असण्याची गरज नसावी.

मॅडम तक्ता वाचतात आणि एक ओळ बदलायला सांगतात. ‘डीएचसीपी सेवा तपासा’ यावरून त्यांना काय करायचं ते कळत नाही. बरोबर आहे. तिथे प्रत्यक्ष आज्ञा लिहितो, आणि सेवा चालू असेल तर पडद्यावर काय दिसेल तेही.

मग त्या मला बाहेर थांबायला सांगतात. सगळं बंद करून, तक्ता पाहत, आधी सर्व्हर, मग स्विच, मग रांगा, अशी सारी लॅब एकट्याने चालू करतात. सात नंबरला वेळ लागतो, त्याची केबल नीट बसवतात, ते चढतं. वहीत आजची तारीख टाकून खाली सही त्याच करतात.